दार मीच लावलं होतं

मला भाजून आता दीड वर्ष होत आलं. हे मी डाव्या हाताच्या अंगठ्यानं मोबाइलवर लिहितोय, रोज थोडं थोडं. सांगलीच्या दवाखान्यात शेजारच्या खोलीत एक बाई होत्या, स्वयंपाक करताना भाजलेल्या. त्यांच्या नवऱ्यानं मला एकदा विचारलं होतं, पुढं काय काय होणार हे कुणी आधी का सांगत नाही? त्यांच्यासारख्यांसाठी लिहितोय. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही. माझ्यावर काय गुदरलं तेवढं सांगतो.

मी आटपाडी तालुक्यातला, नाव नामदेव. आमची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारी माणसं. मी सतरा वर्षं सैन्यात काढली, हवालदार म्हणून निवृत्त झालो, मग आग विझवण्याचं शिक्षण घेऊन समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर नोकरीला लागलो. प्लॅटफॉर्मच्या डोक्यावर हेलिकॉप्टर उतरायला लोखंडी गच्ची असते, तिला हेलिडेक म्हणतात. तिथं हेलिकॉप्टर उतरवून घेणं, माणसं खाली घेणं, जाणारी माणसं वर चढवणं, पट्टे तपासणं आणि दार लावणं हे माझं काम. माझ्याबरोबर दोघं जण आगीचे जाड कपडे घालून फेसाच्या नळापाशी उभे असत. अशी चार वर्षं झाली होती. एकदाही काही झालं नव्हतं.

त्या सकाळी

ऊन पडलेलं, वारा नेहमीचा. सहा जण सुट्टीवर घरी जायला निघाले होते. त्यात सुहास होता, वाईजवळच्या एका गावातला इलेक्ट्रिशियन. अख्ख्या प्लॅटफॉर्मवर आमच्या भागातले आम्ही दोघंच, त्यामुळं जेवायला एकत्र बसायचो. त्याचं बोलणं ऐकलं की मला घरी गेल्यासारखं वाटायचं.

हेलिकॉप्टरचा पंखा चालूच असतो. त्या आवाजात काही ऐकू येत नाही, सगळं हाताच्या खुणांनी चालतं. मी एकेकाला आत बसवलं, पट्टे ओढून बघितले. सुहास पलीकडच्या खिडकीशी बसला होता. त्याचा पट्टा मी जरा जास्तच ओढला म्हणून त्यानं तोंड वाकडं केलं आणि हसला. मी दार लावलं, खिट्टी बसली का ते बघितलं, मागं सरून पायलटला अंगठा दाखवला.

पुढचं मी शंभर वेळा सांगितलंय. कंपनीच्या माणसांना, चौकशीवाल्यांना, डॉक्टरांना. तरी सांगताना दरवेळी वाटतं की मी दुसऱ्या कुणाचं सांगतोय.

वरून, इंजिनाच्या बाजूनं, पत्रा फाटल्यासारखा आवाज आला. पलीकडच्या अंगानं काहीतरी पेटतं खाली ओघळलं. मला आधी वाटलं ऊन चमकलं. मग ती बाजू पूर्ण पेटली. कशामुळं, ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

मी दाराकडं पळालो. का, ते सांगता येत नाही. विचार करून पळालो असं म्हटलं तर खोटं होईल. दार उघडलं. पायलट पुढच्या दारातनं बाहेर पडले होते. आतले तिघं जण आपापले उतरले. चौथ्याचा पट्टा निघेना. माझ्या हातमोज्यातल्या बोटांना ती कळ सापडेना, म्हणून उजव्या हातातला मोजा दातानं ओढून काढला, कळ दाबली आणि त्याला बाहेर ओढलं. पाचवा माणूस पट्टा सुटलेला, पण जागचा हलत नव्हता. डोळे उघडे, माझ्याकडं बघत होता, पण हलेना. मी त्याची कॉलर धरून ओढतोय, आणि एकदम तो माझ्या अंगावर आला. मागून कुणीतरी त्याला दोन्ही हातांनी ढकललं होतं. धुरात मला ते हात दिसले. फक्त हात.

मी परत आत हात घातला. काही लागलं नाही. मग भडका उडाला आणि माझा सोबती प्रदीप, जाड कपड्यांतला, त्यानं मला मागून कमरेला धरून ओढलं. तेवढ्यात फेस आला. प्रदीप सांगतो की सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक मिनिटही झालं नसेल. मला अजून खरं वाटत नाही. एका मिनिटात चहासुद्धा गार होत नाही.

परत हेलिकॉप्टर

दुखत नव्हतं. भाजलेल्या माणसाच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं, की तो नीट बोलतोय म्हणून थोडक्यात निभावलं असं समजू नये. मी चालत दवाखान्याच्या खोलीत गेलो. तिथल्या डॉक्टरला म्हटलं, आधी बाकीच्यांचं बघा. मग माझ्या हाताकडं माझं लक्ष गेलं. मनगटापासून कातडं मोज्यासारखं लोंबत होतं. मी ते परत वर सारायला लागलो.

आमचा डेक जळालेला, त्यामुळं आम्हाला क्रेनला टांगलेल्या पाळण्यातून एका बोटीवर उतरवलं आणि बोटीनं शेजारच्या प्लॅटफॉर्मवर नेलं. तिथं आम्हाला न्यायला काय आलं? हेलिकॉप्टरच आलं. स्ट्रेचरवर बांधलेला मी ओरडत होतो, मला नको, मला बोटीनं न्या. सतरा वर्षं सैन्यात काढलेला माणूस लहान पोरासारखा रडत होता. पट्टा आवळताना तिथल्या माणसानं माझ्याकडं बघितलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही बघितलं नसतं.

डॉक्टरांनी सांगितलं तो दिवस

मुंबईच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी डॉक्टर माझ्या बायकोला, रेखाला, घेऊन आले. माझे डोळे तोवर सुजेनं बंद होते, म्हणून मला सगळं ऐकूच आलं. चेहरा, मान, दोन्ही हात कोपरापर्यंत. चेहरा बराचसा आपोआप भरेल. हातांवर मांडीचं कातडं लावावं लागेल. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं राहणार नाहीत.

मी विचारलं, राहणार नाहीत म्हणजे?

डॉक्टर म्हणाले, काढावी लागतील. ती गेलेलीच आहेत.

मला त्या क्षणी काय सुचावं? सैन्यात सलाम करताना पाचही बोटं जुळलेली लागतात, तेच सुचलं. मी निवृत्त झालो होतो, सलाम कुणाला करायचा होता? पण तेवढ्यावरच मन अडकलं. सही करायला कागद आणला, तर माझे दोन्ही हात बांधलेले. रेखानं सही केली.

मी तिला विचारलं, बाकीचे?

ती म्हणाली, "समदे वाचलं. सुहास दुसऱ्या दवाखान्यात हाय."

ड्रेसिंग

दोन महिन्यांनी मला सांगलीला आणलं, घरच्यांना जवळ पडावं म्हणून. इथं पुढची कातडी लावायची ऑपरेशनं झाली. दिवसाची सगळी आखणी एकाच गोष्टीभोवती असायची, सकाळचं ड्रेसिंग. साडेनऊला ट्रॉलीची चाकं वाजायला लागली की माझ्या अंगाला घाम फुटायचा. पट्ट्या भिजवून सोडवायच्या, धुवायचं, मेलेलं काढायचं, परत बांधायचं. औषध देतात, तरी कळायचं ते कळतंच.

मी दात आवळून गप्प राहायचो. सुमती सिस्टर म्हणून मिरजेकडच्या एक नर्स होत्या, पन्नाशीच्या. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या हात थांबवून म्हणाल्या, "तुमी काय बी बोलत न्हाईसा. लहानपणी मेंढरं राखत हुता ना? मेंढरास्नी हाका कशा मारत हुता, तशा मारा."

मला लाज वाटली. पण पट्टी सुटायला लागली आणि मी खरंच हाक मारली. माळावर मारतात तशी, जिभेनं टाळू वाजवून, मग लांबलचक हुर्रर्र. आख्ख्या मजल्यावर ऐकू गेली. शेजारच्या खोलीतल्या भाजलेल्या बाई पहिल्यांदा हसल्या, त्यांच्या नवऱ्यानं येऊन सांगितलं. त्या दिवसापासून रोज साडेनऊला मी मेंढरं वळायचो. ड्रेसिंग कमी दुखलं असं नाही. पण ते माझं झालं.

दुखण्यापेक्षा खाज वाईट, हेही कुणी सांगत नाही. जखम भरायला लागली की आतून मुंग्या सुटल्यासारखं होतं आणि खाजवायचं नसतं. खायला रोज अंडी, डाळ, दूध, परत अंडी. आणि आरसा नाही. खोलीतला आरसा रेखानं आधीच काढायला लावला होता. मी मला पहिल्यांदा बघितलं ते बंद मोबाइलच्या काळ्या काचेत. भुवया नव्हत्या. मी मोबाइल पालथा ठेवला.

आमची लेक तनू आठ वर्षांची. तिला आणलं तेव्हा ती दारातच थांबली. आजीचा पदर धरून बघत राहिली. मी हाक मारली तरी येईना. मग हळूच पुढं आली आणि पलंगाच्या पायथ्याशी बसली. माझ्या पायांना काही झालं नव्हतं. तिनं चादर वर सारून माझी पावलं बघितली, अंगठा धरला आणि म्हणाली, "पाय तुमचंच हायत." तिथून पुढं ती आली की पायाशीच बसायची. एकेक आठवड्यानं वर सरकत गेली.

खोटं

तिसरा महिना संपता संपता प्रदीप भेटायला आला. बोलता बोलता म्हणाला, सुहासचे वडील त्याची बॅग न्यायला आले होते, त्यांच्यासमोर मला उभं राहवेना.

मी म्हटलं, बॅग त्यांनी का न्यावी?

प्रदीपनं रेखाकडं बघितलं. रेखानं खाली बघितलं.

सुहास डेकवरच गेला होता. आतच. तीन महिने मी रोज त्याची चौकशी करत होतो आणि रेखा रोज सांगत होती, बरं हाय, कालच्यापेक्षा बरं हाय. एकदा तर म्हणाली होती, त्याच्या तोंडाची चव गेलीय म्हणे. एवढं बारीकसारीक.

मी तिच्याशी नऊ दिवस बोललो नाही. ती भरवायची, मी खायचो. ती तोंड पुसायची, मी दुसरीकडं बघायचो. माझे हात बांधलेले, त्यामुळं रागानं ताटसुद्धा सरकवता येत नव्हतं. मला राग नुसता खोट्याचा नव्हता. दार मी लावलं होतं. पट्टा मी ओढला होता. त्याचा मला शोकसुद्धा वेळेवर करता आला नाही.

नवव्या दिवशी तिनं चमचा खाली ठेवला. म्हणाली, "आवं, डॉक्टर म्हनलं, ह्यांनी जगायचं मनात धरलं पायजे. मी काय करनार हुते? मला तुमी मरायला नको हुता. खोटं बोलले. परत येळ आली तर परत बोलंन."

तिचे डोळे कोरडे होते. एवढ्या महिन्यांत ती किती वाळलीय ते मला तेव्हा दिसलं. मी म्हटलं, इथनं पुढं काय असंल ते सांगायचं. ती बरं म्हणाली. माफ केलं असं मी म्हणालो नाही. पण भाकरीचा घास तिच्या हातून घेताना दुसरीकडं बघणं थांबवलं.

सासुरवाडी

वर्षभरानं घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं की लावलेल्या कातड्याला घाम येत नाही, त्यामुळं उकाडा सहन होणार नाही, जपा. आणि त्यावर घट्ट विणलेले मोजे आणि गळपट्टा दिवसरात्र घालायचा, व्रण फुगू नयेत म्हणून. आटपाडीत चैत्रातच पत्रा तापतो. घरी येऊन आठ दिवस झाले आणि मी अंगणात भोवळ येऊन पडलो.

रेखाचं माहेर मेढ्याजवळ, डोंगरात. तिथं गारवा. तिनं सुचवलं की उन्हाळाभर तिकडं राहू. माझ्या आईला ते फार लागलं. आमच्यात जावई सासरी दोन दिवसांचा पाहुणा. आई म्हणाली, "हातपाय धड असताना कवा ऱ्हायला न्हाईस, आता घरजावई व्हायला निगालास व्हय?" रेखानं पिशव्या भरल्या. निघताना आई बाहेर आली नाही.

मेढ्याला मला खरंच बरं वाटलं. सासूबाईंना आम्ही मामी म्हणतो, त्या रोज व्रणांना खोबरेल चोळायच्या. मला संकोच व्हायचा, त्यांना नाही. मी पेला धरायला शिकलो, मग शर्टाची बटणं. एका बटणाला अर्धा तास. तीन आठवड्यांनी आई एसटीनं दोन गाड्या बदलून आली. मामींच्या हातातली वाटी घेतली आणि माझा दुसरा हात चोळायला बसली. त्या दोघी विहिणी एकमेकींशी एक शब्द न बोलता माझा एकेक हात चोळत होत्या. संध्याकाळी स्वयंपाक मात्र दोघींनी मिळून केला.

आबा

पावसाळा लागता लागता सुहासचे वडील आले. वाईहून मेढा फार लांब नाही. मी तिथं असल्याचं त्यांना प्रदीपकडून कळलं होतं. सगळे त्यांना आबा म्हणतात. उंच, काठी न घेता चालणारे, हळदीचं शेत करणारे. त्यांनी माझा चेहरा सरळ बघितला, हात बघितले आणि चहा नको म्हणाले.

मग म्हणाले, "कंपनीच्या सायबांनी सांगितलं, त्याला काय कळलंच न्हाई. एका क्षणात झालं. खरं हाय का?"

रेखा दारात उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. मला माहीत होतं ती काय म्हणतेय. हो म्हणा. म्हातारा माणूस झोपेल तरी.

आणि मला हो म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. रेखा तीन महिने खोटं का बोलली, ते मला तेव्हा पुरतं कळलं. पण ते नऊ दिवसही आठवले. दुसऱ्या कुणीतरी आपल्यासाठी ठरवलेलं असतं, आपलं काय ते आपल्याला कळूच दिलेलं नसतं.

मी म्हटलं, "न्हाई आबा. त्याला कळलं हुतं."

मग सगळं सांगितलं. पट्टा मी आवळला, दार मीच लावलं. पाचवा माणूस गोठल्यासारखा बसला होता, त्याला मागून ढकललेले हात. आत तेव्हा दुसरं कुणी उरलंच नव्हतं. म्हणजे सुहासनं आपला पट्टा सोडवला होता, उठला होता, आणि वाटेत बसलेल्या माणसाला आधी बाहेर लोटलं. मी परत हात घातला तेव्हा तो मला सापडला नाही. हे मी चौकशीतही सांगितलं होतं, पण कुणी आबांपर्यंत पोचवलं नव्हतं.

आबा माझ्या हातांकडं बघत होते. मला वाटलं, आता हे उठून जातील. किंवा मला काहीतरी बोलतील, आणि ते मला ऐकून घ्यावं लागेल.

ते म्हणाले, "म्हंजी शुद्धीत हुता."

"व्हय."

"दार लावायचं तुजं कामच हुतं. त्येचं मला सांगू नगंस." मग थांबून म्हणाले, "ज्याला ढकललं, त्यो कोन?"

मला माहीत नव्हतं. सव्वा वर्षात मी एकदाही विचारलं नव्हतं. ज्याची कॉलर माझ्या हातात होती, ज्याच्यापायी सुहास मागं राहिला, त्याचं नाव ऐकायची माझी तयारी नव्हती. आबांना तसं सांगितलं.

"हुडक," ते म्हणाले.

चार दिवस लागले. प्रदीपनं नंबर मिळवून दिला. झारखंडकडचा वेल्डर. अपघातानंतर तो कामावर परतलाच नव्हता, गावी होता, कुणाचे फोन घेत नव्हता. मी संदेश पाठवला की सुहासच्या वडिलांना बोलायचंय. पाचव्या दिवशी आबा परत आले, आणि दुपारी त्याचाच फोन आला. मी मोबाइल आमच्या दोघांच्या मध्ये ठेवून आवाज मोठा केला.

आबांना हिंदी जेमतेम येतं. ते म्हणाले, "मैं सुहास का बाप."

फोन कटला की काय म्हणून मी वाकून बघितलं. मग तो माणूस बोलायला लागला, हळू, अडखळत. मला वाटलं कुणीतरी मारलं, म्हणाला. पाठीत इतक्या जोरात धक्का बसला की मला राग आला होता. बाहेर पडल्यावर मागं बघितलं तेव्हा कळलं.

आबांनी त्याला बोलू दिलं. मग विचारलं, "घर में कौन-कौन है?"

तो म्हणाला, आई आहे. बायको आहे. दोन मुली आहेत आणि एक मुलगा, आता पाच महिन्यांचा. आबांनी त्यांची नावं विचारली. तो एकेक सांगत गेला, आणि आबा डोळे मिटून प्रत्येक नाव त्याच्यामागून म्हणत गेले, चुकलं की परत विचारून, नीट येईपर्यंत.